वर्ध्याच्या उन्हात टिकणारी शाई

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचं धुणं बघता बघता कडकडीत वाळतं. याच दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : प्रिंटरचं हेड जाम झालं. रंगीत पानावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटू लागतात. दुकानदार दोन-चारदा ‘हेड क्लिनिंग’ मारून पाहतो, त्यात बरीचशी शाई वाया जाते आणि शेवटी खापर फुटतं ते ‘डुप्लिकेट’ शाईवर. कधी ते खरंही असतं. पण बाटली अस्सल असली तरी हे ऊन तिला सोडत नाही. का सोडत नाही, हे पाहायला गेलं की इंकजेटची शाई बनते कशी, हेच उलगडत जातं.

शाई म्हणजे रंगीत पाणी, असं बहुतेकांना वाटतं. दौतीतल्या शाईच्या बाबतीत हे थोडंफार चालून जाईल, इंकजेटच्या बाबतीत नाही. ही शाई कागदावर पोचण्याआधी तिला एका छिद्रातून बाहेर पडायचं असतं, आणि तिच्या रसायनाचे जवळपास सगळे नियम त्या छिद्राने घालून दिलेले असतात. छिद्राचा, म्हणजे नोझलचा, व्यास साधारण २० मायक्रॉन. त्यातून निघणारा थेंब चार-पाच पिकोलिटरचा. चार पिकोलिटरचे थेंब धरले तर एका मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब मावतात. ते सेकंदाला पाच ते दहा मीटर वेगाने सुटतात आणि एकेक नोझल सेकंदाला हजारो थेंब सोडते.

थेंब ढकलायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत नोझलमागची अतिसूक्ष्म पट्टी काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांपर्यंत तापते, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर लोटतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली इचिरो एंडो यांच्या चमूकडून तापलेला सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकला आणि सुईतून शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचली. एचपीने तीच वाट स्वतंत्रपणे शोधली आणि १९८४ मध्ये ‘थिंकजेट’ बाजारात आणला. दुसऱ्या तऱ्हेत उष्णता नाही. विजेचा दाब दिला की आकार बदलणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो. एपसनचे टाकीवाले प्रिंटर या जातीचे. शाई करणाऱ्याला हा फरक आधी ठाऊक हवा. बुडबुड्याच्या प्रिंटरमध्ये शाईतला एखादा घटक उष्णतेने करपला, तर त्याची पुटं हीटरवर साचत जातात आणि थेंब दुबळा होतो. पिझोमध्ये करपण्याची भीती नाही, पण शाईत विरघळलेली हवा नडते. धक्क्यासरशी हवेचे बुडबुडे सुटतात आणि सगळा दाब तेच गिळून टाकतात. म्हणून अशी शाई बाटलीबंद करण्याआधी तिच्यातली हवा ओढून काढावी लागते.

थेंब नीट सुटेल की नाही, हे बऱ्याच अंशी तीन गोष्टींवरून आधीच सांगता येतं : शाईचा दाटपणा, तिचा पृष्ठताण आणि नोझलचा व्यास. घनता फारशी बदलत नाही. वोल्फगांग फॉन ओनेसोर्ग या जर्मन संशोधकाने १९३६ साली नळीतून निघणाऱ्या धारांचा अभ्यास करून या सगळ्यांना एका अंकात गुंफलं. ओनेसोर्गचा अंक उलटा करून जी संख्या येते, ती १ ते १० च्या दरम्यान असावी, असा इंकजेटवाल्यांचा ठोकताळा. एकच्या खाली गेली तर शाई इतकी दाट की थेंब सुटतच नाही. दहाच्या वर गेली तर मुख्य थेंबामागे बारीक पिल्लं सुटतात आणि अक्षरांच्या कडेला शिंतोडे दिसतात.

आता आकडे घालून पाहू. नुसतं पाणी घेतलं तर २० मायक्रॉनच्या नोझलसाठी ही संख्या चाळिशीच्या पुढे जाते, म्हणजे पाण्यात नुसता रंग कालवून भागणार नाही. दाटपणा तीन सेंटिपॉइज आणि पृष्ठताण ३२ मिलिन्यूटन प्रति मीटर असलेली शाई घेतली तर संख्या साडेआठच्या आसपास येते, छान मर्यादेत. पण हा हिशेब २५ अंशांचा. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की साध्या पाण्याचा दाटपणासुद्धा तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. ग्लिसरीनचा तर याहून कितीतरी वेगाने. आपली तीन सेंटिपॉइजची शाई दोनवर उतरली, असं धरा. संख्या साडेबाराच्या घरात गेली. सकाळी आठला स्वच्छ छापणारा प्रिंटर दुपारी दोनला शिंतोडे का उडवतो, त्याचं उत्तर एवढ्या गणितात आहे. चांगल्या प्रिंटरच्या हेडमध्ये तापमान मोजून धक्का कमी-जास्त करायची सोय असते, पण तिलाही सीमा आहे. एपसनच्या अनेक घरगुती प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं असतं. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात मे महिन्यात ३५ अंश पहाटेच काय ते मिळतात.

हे झालं थेंबाचं. हेड जाम होतं ते मात्र वेगळ्या कारणाने. छपाई थांबली की नोझलच्या तोंडाशी शाईचा इवलासा पडदा उघड्या हवेला लागून राहतो. कोरडी हवा त्यातलं पाणी पिते, तोंडापाशी शाई घट्ट होते आणि बूच बसतं. ते टाळायला शाईत ग्लिसरीन आणि ग्लायकोल घालतात. हे पदार्थ स्वतः उडत नाहीत आणि पाण्याला धरून ठेवतात. मग भरपूर ग्लिसरीन घालून मोकळं का होऊ नये? कारण तीच शाई कागदावर लवकर वाळायला हवी. नोझलमध्ये ओली राहा आणि कागदावर पडताच वाळ, अशा दोन परस्परविरोधी आज्ञा या द्रवाला एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि शाईच्या सूत्रातली निम्मी डोकेफोड इथेच आहे. विदर्भात ती आणखी अवघड होते. मे महिन्याच्या कोरडेपणासाठी ग्लिसरीन वाढवाल, तर ऑगस्टच्या दमट हवेत फोटो दोन दिवस चिकट राहतील आणि अल्बममध्ये एकमेकांना चिकटून बसतील.

एका नमुनेदार पाण्याच्या शाईत मग काय काय असतं? बहुतांश पाणी, साधारण ६० ते ८० टक्के. ओल धरणारे पदार्थ १० ते ३० टक्के. रंग अवघा दोन ते आठ टक्के. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो असा कोपऱ्यात. पृष्ठताण ७२ वरून तिशीच्या आसपास आणायला टक्काभर किंवा त्याहून कमी सर्फॅक्टंट. शाई किंचित अल्कधर्मी, म्हणजे पीएच आठ-नऊच्या दरम्यान, ठेवायला बफर. बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून चिमूटभर जंतुनाशक, आणि भटके धातुकण पकडून ठेवायला ईडीटीएसारखा पदार्थ.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. वर्धा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला, विहिरी-बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हा घराघरातला अनुभव. शाईत ते घातलं तर काय होईल? काळ्या शाईतले कार्बनचे कण पाण्यात तरंगतात ते एकमेकांना दूर लोटतात म्हणून. प्रत्येकाच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचे धनभारित आयन आले की तो भार मारला जातो, कण एकमेकांना बिलगतात आणि दुधात लिंबू पिळल्यासारखी शाई फाटते. म्हणून शाईसाठी पाणी आधी पूर्ण निःक्षार करून घेतात. गंमत अशी की छपाईच्या काही कागदांवर कंपन्या मुद्दाम कॅल्शियमचं मीठ लावतात. बाटलीत जे फाटणं घातक, तेच कागदावर हवंसं : थेंब पडताक्षणी रंगाचे कण जागच्या जागी गोठतात, कागदात झिरपत नाहीत आणि अक्षर गडद, रेखीव उठतं.

कागदाचा विषय निघाला आहे तर वर्ध्यातल्या मगनवाडीची आठवण अपरिहार्य आहे. १४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस जे. सी. कुमारप्पा, आणि सल्लागारांत प्रफुल्लचंद्र राय, जगदीशचंद्र बोस, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखे वैज्ञानिक. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत, तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे उद्योग तपासून, सुधारून पाहिले जात. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. हातकागद बोरूला आणि शाईच्या ब्रशला गोड मानतो, पण इंकजेटच्या पातळ शाईला त्याचा मोकळा धागा पसरू देतो आणि अक्षराला केस फुटतात. त्यावर खळीचा हात चांगला बसला असेल तरच छपाई निभते.

पोथ्या लिहिणाऱ्यांची शाई याहून फार निराळी नव्हती, निदान हेतूने. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी खलात दिवसेंदिवस घोटायचं. काजळी म्हणजे आजच्या भाषेत कार्बन पिगमेंट. डिंक दोन कामं करी : घोटताना काजळीचे कण सुटे ठेवी आणि वाळल्यावर त्यांना कागदाला धरून ठेवी. आजच्या शाईत हीच कामं कृत्रिम बहुलकं करतात. मग ती पोथीची शाई सरळ प्रिंटरमध्ये का ओतू नये? ओतली तर पहिल्याच पानाला हेड जाईल. एकेक कण नोझलच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा, म्हणजे २०० नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक हवा. खलाने घोटलेल्या काजळीत कितीतरी मोठे गोळे राहून जातात. शिवाय डिंकात मुळातच कॅल्शियमचे क्षार असतात, बाभळी-बाभळीगणिक त्याचा दाटपणा बदलतो आणि चार दिवसांत त्याला बुरशीही येते. दुसरी जुनी शाई हिरडा आणि हिराकस यांची. ती चांगलीच आंबट असते, धातूचे भाग खाते, आणि हवा लागली की तिच्यात न विरघळणारा काळा गाळ धरतो. कागदावर तो गाळच अक्षर पक्कं करतो. नोझलमध्ये तो धरला तर हेड फेकावं लागेल.

आता जिल्ह्याच्या अभिमानाचा रंग घेऊ. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात कुरकुमिनचं प्रमाण जास्त असतं, अशी तिची ख्याती. इतका झळझळीत पिवळा घरात असताना पिवळी शाई बाहेरून का आणायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. कुरकुमिनला तीन परीक्षा द्यायला लावू. पहिली, पाणी : त्यात ते जवळजवळ विरघळत नाही. दुसरी, अल्कधर्मीपणा : हळदीला पापडखार आणि टाकणखार लागला की कुंकू होतं, हळदीच्या डागावर साबण फिरवला की तो लालभडक होतो. इंकजेटची शाई अल्कधर्मीच ठेवावी लागते, कारण रंगाचे आणि बहुलकांचे आम्लगट तेव्हाच पाण्यात सुखाने राहतात. म्हणजे पिवळ्या बाटलीतून लालसर तपकिरी शाई निघेल, आणि तीही टिकणार नाही, कारण अल्कधर्मी पाण्यात कुरकुमिनचा रेणूच तुटत जातो. तिसरी परीक्षा उन्हाची : हळदीचा डाग गेला नाही तर आपण कापड उन्हात टाकतो, ते उगाच नाही. तिन्हींत हळद नापास. तिची जागा स्वयंपाकघरात आणि औषधात पक्की आहे. शाईत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पिवळ्या पिगमेंट शाईत आज पिगमेंट यलो ७४, १५५ अशी क्रमांकांनी ओळखली जाणारी कृत्रिम रंगद्रव्यं असतात. निळ्यासाठी तांब्याचं थॅलोसायनिन आणि किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन.

वर पिगमेंट हा शब्द आला, तो इथे समजून घेऊ : पाण्यात विरघळणारा रंग म्हणजे डाय, आणि न विरघळता तरंगणारे कण म्हणजे पिगमेंट. डायची छटा मोहक, शाई करायला सोपी, हेडला सुखाची. पण पाणी पडलं की ओघळते आणि उन्हात फिकी पडते. पिगमेंटमध्ये प्रत्येक कणात असंख्य रेणू एकावर एक रचलेले असतात. उन्हाने वरचे मेले तरी आतले रंग धरून राहतात. किंमत मोजायची ती दळण्यात आणि कण तरंगत ठेवण्यात.

प्रयोगशाळेत नवी शाई जन्मते ती अशी. आधी रंगद्रव्य, पाणी आणि कण सुटे ठेवणारं बहुलक यांची लापशी करून ती झिर्कोनियाच्या मण्यांच्या चक्कीत घालतात. मणी मिलिमीटरच्या काही दशांशांचे. तासागणिक नमुना काढून कणांचा आकार मोजायचा. आकार उतरत जातो, एका टप्प्यावर थांबतो, आणि मोहाने पुढे दळत राहिलं तर पुन्हा वाढू लागतो, कारण नव्याने उघड्या पडलेल्या पृष्ठभागाला बहुलक पुरत नाही. हा थांबण्याचा क्षण ओळखणं ही खरी हातोटी. मग उरलेले घटक एकेक करून, हळूहळू ढवळत घालायचे. ग्लायकोल एकदम ओतला तर सगळं मुसळ केरात. त्यानंतर मायक्रॉनभर, मग अर्ध्या मायक्रॉनच्या गाळणीतून गाळणं. दाटपणा, पृष्ठताण, पीएच मोजणं. मग शाई एका हेडमध्ये भरून, थेंब सुटण्याच्या तालावर उघडझाप करणाऱ्या दिव्यात कॅमेऱ्याने थेंब पाहायचे. उडणारा थेंब स्थिर दिसतो, शेपूट किती लांब, पिल्लं किती, सगळं कळतं. हेड मुद्दाम उघडं ठेवून किती वेळाने पहिला थेंब चुकतो तेही मोजतात. शेवटी बाटल्या ६० अंशांच्या भट्टीत काही आठवडे ठेवून पुन्हा सगळी मोजणी. यातली एकही पायरी गाळली तर ती चूक पुढे दुकानदाराच्या हेडमध्ये उघडी पडते.

कापडावर तर नियम आणखी बदलतात. हिंगणघाटचा कापूस एके काळी नावाने विकला जाई आणि जिल्ह्याचं कापडाशी नातं जुनं आहे. सुती कापडावर इंकजेटने पक्का रंग द्यायचा तर रिअॅक्टिव्ह डाय लागतो. तो कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध जुळवतो. बंधासाठी सोडा हवा, पण तो शाईत घातला तर डाय बाटलीतच पाण्याशी बंध जुळवून मरतो. म्हणून सोडा, युरिया आणि अल्जिनेट हे कापडालाच आधी पाजतात, वाळवतात, मग छापतात, वाफेत ठेवतात आणि धुतात. मगन संग्रहालय समिती खादीवर नैसर्गिक रंग चढवते, पण ती रंगाईची वाट आहे. तिथे तुरटीसारख्या क्षारांच्या मदतीने कापड रंग पितं, कुंडात गाळ राहिला तरी बिघडत नाही. तोच काढा नोझलमध्ये घालायचा तर गाळ, आम्लता आणि दर वेगळ्या काढ्याचा वेगळा दाटपणा, या तिन्हींशी झगडावं लागेल. अशक्य नाही, पण त्यासाठी झाडाच्या सालीपेक्षा मोजमापाची यंत्रं जास्त लागतील. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथे खादी-वस्त्र आणि रसायन असे दोन्ही विभाग आहेत. खादीवर इंकजेटने नैसर्गिक रंग उमटवायचा ध्यास कुणी घेतला, तर वर्ध्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

चौकाचौकातले फ्लेक्स पाण्याच्या शाईने छापत नाहीत. फ्लेक्सचं पीव्हीसी प्लास्टिक पाणी पीतच नाही, म्हणून तिथे प्लास्टिकचा वरचा थर किंचित विरघळवून आत शिरणारी द्रावकाची शाई लागते. छपाईच्या खोलीतला तो उग्र वास त्या द्रावकाचा. खोली हवेशीर नसेल तर तो तिथे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जातो, आणि याकडे फार थोडे मालक लक्ष देतात. तेलाच्या पिशवीवर किंवा हळदीच्या पाकिटावर ठिपक्या-ठिपक्यांनी छापलेली तारीख आणखी वेगळ्या शाईची. ती सेकंदा-दोन सेकंदांत वाळते आणि तिच्यात वीज वाहावी म्हणून मीठ असतं, कारण त्या यंत्रात थेंबांना विद्युतभार देऊन हवेतच वळवतात.

तेव्हा घरी किंवा दुकानात टाकीचा प्रिंटर असेल तर एवढं सांभाळा. प्रिंटरच्या मॉडेलसाठी सांगितलेलीच शाई घ्या. बऱ्याच मॉडेलांत काळी पिगमेंटची आणि रंगीत डायच्या असतात, त्यांची सरमिसळ करू नका, आणि एका कंपनीच्या उरलेल्या शाईत दुसरीची ओतू नका. शाई दाट वाटली म्हणून तिच्यात नळाचं पाणी घालू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापा, काम संपलं की प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा, म्हणजे हेड आपल्या टोपीखाली जाऊन बसेल. आणि बाटल्या खिडकीत नको, माठाशेजारच्या सावलीत ठेवा.